हक्क देशाचा, गुन्हा राज्याचा

टेक्सासमधल्या प्लेनो गावी पुतण्याच्या घरचं सामान बांधून होत आलं होतं. कुकर, पोळपाट, गणपतीची आरास, पोरांची पुस्तकं अशी प्रत्येक खोक्यावर त्याने जाड मार्करने नावं घातली होती. कपाटाच्या तळाशी कडक प्लास्टिकची एक काळी पेटी तेवढी राहिली होती आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी ती उचलायला वाकलो, तोच तो म्हणाला, "काका, तिला हात लावू नका." त्याला माझ्या कंबरेची काळजी असावी असं मला वाटलं. काळजी माझ्या व्हिसाची होती. पेटीत पिस्तूल होतं.

पुतण्या आता अमेरिकेचा नागरिक आहे. पिस्तूल त्याने टेक्सासमध्ये रीतसर दुकानातून घेतलेलं. नवी नोकरी न्यू जर्सीतल्या एडिसनला. निरोप द्यायला आलेली मित्रमंडळी चहाबरोबर सल्लेही देत होती आणि प्रत्येकाचा सल्ला ठाम होता. पुतण्याने कायदा नीट वाचून काढला तेव्हा त्यातला जवळजवळ एकही सल्ला टिकला नाही. आपल्यापैकी अनेकांची मुलं-भाचरं तिकडे राज्यं बदलत असतात, म्हणून ते सल्ले आणि त्यांमागची वस्तुस्थिती इथे मांडतो.

गैरसमज १ : बंदुकीचा हक्क घटनेनेच दिलाय, मग राज्य कुठलं का असेना.

वस्तुस्थिती : हक्क घटनेत आहे, हे खरं. १७९१ची दुसरी घटनादुरुस्ती तीच. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, २०१०मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक केला आणि २०२२मध्ये घराबाहेर शस्त्र बाळगण्याचाही हक्क मान्य केला. त्या शेवटच्या निकालाने न्यूयॉर्कची "खास कारण दाखवा" ही शतकभर जुनी अट गेली. पण परवाना, पार्श्वभूमीची तपासणी, शस्त्राचा प्रकार, गोळ्यांची संख्या याबाबत आपापले नियम करणं अजून राज्यांच्या हाती आहे.

दोन राज्यांतलं अंतर त्या पेटीतच दिसत होतं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरचा पात्र माणूस परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगू शकतो. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घ्यायचं तर दर पिस्तुलामागे वेगळी परवानगी लागते. पुतण्याच्या पिस्तुलाचं मॅगझिन १५ गोळ्यांचं. कोलोरॅडोत १५पर्यंत चालतं; न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मर्यादा १०. म्हणजे पिस्तूल चाललं असतं, पण त्यातलं मॅगझिन एडिसनमध्ये गुन्हा ठरलं असतं. पोकळ टोकाच्या गोळ्यांचंही तेच. टेक्सासच्या दुकानात त्या फळीवर मांडलेल्या असतात. न्यू जर्सीत घर किंवा सराव अशा मोजक्या सवलती सोडल्या तर त्या जवळ बाळगणं हाच वेगळा गुन्हा.

गैरसमज २ : एका राज्याचा परवाना ड्रायव्हिंग लायसन्ससारखा सगळीकडे चालतो.

वस्तुस्थिती : गाडीचा परवाना चालतो, पिस्तुलाचा नाही. कोणत्या राज्याचा परवाना मानायचा, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया दुसऱ्या कोणाचाच मानत नाहीत.

२०१३मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई न्यू जर्सीत गाडी चालवत होती. पोलिसाने किरकोळ कारणाने गाडी थांबवली. तिने आपण होऊन सांगितलं, की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. परवाना खरा होता, पण नदीपलीकडच्या राज्याचा. तिच्यावर असं कलम लागलं, की दोष सिद्ध झाला असता तर किमान साडेतीन वर्षं तुरुंगात काढावी लागली असती. २०१५मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. तिने काही लपवलं नव्हतं, उलट तोंडाने सांगितलं म्हणूनच ती अडकली. प्रामाणिकपणा हा तिथे बचाव होत नाही.

गैरसमज ३ : कुलूप लावून डिकीत ठेवलं की देशभर कुठेही जा.

वस्तुस्थिती : या समजामागे खरा कायदा आहे, आणि तो अर्धवट ऐकलेला असल्यामुळेच घात होतो. १९८६च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला संरक्षण दिलंय. शस्त्र रिकामं हवं, ते आणि गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी. ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कप्पा चालत नाही. आणि मुख्य अट अशी, की जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र तुमच्याजवळ असणं कायदेशीर हवं. हे संरक्षण वाटेसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. पेट्रोलला किंवा जेवायला थांबणं वेगळं आणि वाटेत मेरिलंडमध्ये मित्राकडे चार दिवस राहणं वेगळं.

यातली मेख २००५मध्ये युटाच्या एका माणसाला कळली. तो विमानाने पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला निघाला होता. पिस्तूल कुलूपबंद, विमान कंपनीला सांगून सामानात दिलेलं. नेवार्कला, म्हणजे न्यू जर्सीत, त्याचं पुढचं विमान चुकलं. बॅग त्याच्या हातात आली आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी विमानतळावर परत येऊन त्याने पुन्हा इमानदारीने पिस्तूल असल्याचं सांगितलं, आणि तिथेच अटक झाली. पुढे खटला मागे घेतला गेला. पण नुकसानभरपाईसाठी त्याने केलेला दावा अपील न्यायालयाने २०१०मध्ये फेटाळला. रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून केंद्रीय कायद्याचं छत्र त्याच्या डोक्यावर नव्हतं, असं न्यायालयाचं म्हणणं. बॅग हातात घेण्याऐवजी त्याने ती विमानतळावरच्या पोलिसांकडे ठेवायला हवी होती.

विमानाने जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पिस्तूल केबिनच्या बॅगेत कधीच चालत नाही. रिकामं, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून मोठ्या सामानात, एवढाच मार्ग आहे. तरीही २०२३मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या. "बॅगेत होतं हे विसरलोच" हे तिथलं नेहमीचं वाक्य.

गैरसमज ४ : घर हलवणाऱ्याला सूट असते, पोलीस समजून घेतात.

वस्तुस्थिती : सूट असते. पण ती सिद्ध तुम्हाला करावी लागते, आणि तीही बहुधा कोर्टात. कोलोरॅडोहून न्यू जर्सीत राहायला आलेल्या एका तरुणाची पिस्तुलं २००९मध्ये गाडीच्या डिकीत, सामानाखाली सापडली. तो घरं हलवण्याच्या मधल्या काळात होता. न्यू जर्सीच्या कायद्यात घर बदलताना शस्त्र नेण्याची मुभा आहे, पण खटल्यात ज्युरीला ती मुभा समजावून सांगितलीच गेली नाही. शिक्षा ७ वर्षांची झाली. २०१०च्या डिसेंबरात गव्हर्नर क्रिस्टींनी त्याची शिक्षा कमी करून सुटका केली आणि नंतर पिस्तुलांबद्दलचा निकाल अपिलात रद्द झाला. पण तोवर काही महिने तुरुंगात गेलेच होते. म्हणून जुन्या घराचे, नव्या घराचे आणि सामान हलवण्याचे कागद शस्त्राबरोबर हवेत. आणि पेटी आठवडाभर गाडीतच पडून राहता कामा नये.

गैरसमज ५ : सरकारी नोंद असतेच, पत्ता बदलला की आपोआप बदलते.

वस्तुस्थिती : ही समजूत आपण भारतातून नेलेली. इथे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना, मग शस्त्र, आणि परवान्यावरच शस्त्राचा तपशील. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. अमेरिकेत मात्र १९८६च्याच कायद्याने मालकांची देशव्यापी केंद्रीय नोंद ठेवायला मनाई केली आहे. टेक्सासात नोंदच नव्हती, तर ती बदलणार काय?

त्यामुळे नव्या राज्यात पाऊल ठेवलं की आपलं घड्याळ आपणच लावायचं. हवाईत माणूस किंवा शस्त्र, जे मागून पोहोचेल त्यापासून ५ दिवसांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. कॅलिफोर्नियात नव्या रहिवाशाला ६० दिवस मिळतात. न्यू जर्सीतही २०२२च्या कायद्यानंतर ६० दिवसांत ओळखपत्रासाठी अर्ज आणि बाहेरून आणलेल्या शस्त्राची नोंद. न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलासाठी अशी मुदतच नाही. आधी तिथला परवाना, मग पिस्तूल.

गैरसमज ६ : एवढी कटकट असेल तर मित्राला देऊन टाका, किंवा पलीकडच्या राज्यातल्या भावाला भेट द्या.

वस्तुस्थिती : त्याच राज्यातला मित्र असेल तर त्या राज्याचा कायदा पाहायचा. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला मात्र, मग तो सख्खा भाऊ का असेना, परस्पर देणं हा केंद्रीय गुन्हा आहे. १९६८च्या कायद्यापासून हा व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत होतो. पिस्तूल असेल तर घेणाऱ्याच्या राज्यातल्या दुकानदाराकडे जातं, तिथे तपासणी होते आणि मग हातात येतं. पैसे घेतले की फुकट दिलं, याने फरक पडत नाही. सोपा रस्ता म्हणजे निघण्यापूर्वी आपल्याच गावच्या दुकानदाराला विकणं.

गैरसमज ७ : बंदूक ज्याची त्याची, घरातल्या बाकीच्यांचा काय संबंध?

वस्तुस्थिती : मराठी घरांत सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात महागात पडू शकणारी गोष्ट ही आहे. केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१ आणि आपण आई-वडील ज्या पर्यटक व्हिसावर जातो तो, सगळे यात येतात. शिकारीचा वैध परवाना अशा काही सवलती आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी लागू नाही. पण ग्रीन कार्ड येईपर्यंत कर भरता, घर घेतलंय, दहा वर्षं नोकरी केलीय, यातलं काहीही उपयोगी पडत नाही.

"बाळगणं" म्हणजे फक्त मालकी नव्हे. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात घेणं हाही ताबाच. ऑफिसच्या टीमबरोबर गेलेला एच-१बीवाला मुलगा हसत हसत फोटो टाकतो आणि आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच लावून ठेवतो. तिजोरीची किल्ली आणि आत काय आहे याची माहिती असली, तर त्यालाही कायदा ताबा म्हणू शकतो. २०२२पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांपर्यंत वाढली आहे. बिगर-नागरिकाच्या बाबतीत शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवारही असते.

म्हणून घरात एकाचं ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याचा व्हिसा असेल, किंवा पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर कुलूप एकाचं आणि किल्लीही त्या एकाचीच हवी. देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर ती किल्ली लटकता कामा नये.

पुतण्याने निघण्याच्या आठवडाभर आधी एडिसनच्या पोलिसांना फोन केला होता. नियम मधल्या काळात बदलतात आणि त्यांच्यावर कोर्टात खटलेही चालू असतात. त्यामुळे ओळखीच्या कोणाचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव उपयोगाचा नाही. ज्या गावी जायचं तिथल्या पोलिसांचं आजचं उत्तर हवं. मॅगझिन आणि पोकळ टोकाच्या गोळ्या त्याने प्लेनोतच दुकानदाराला विकल्या. पिस्तूल रिकामं करून पेटीत घातलं, कुलूप लावलं, घराचे कागद वर ठेवले. वाटेतल्या मुक्कामांसाठी आधी ठरवलेली मित्रांची घरं त्याने रद्द केली.

निघताना बाकी सगळी खोकी मी गाडीपर्यंत नेली. ती काळी पेटी तेवढी त्याने एकट्याने डिकीत ठेवली आणि किल्ली आपल्या खिशात घातली. मी लांब, पायरीवर उभा राहिलो.