नोंदवही, दोन हजार फूट आणि मुलांची सुरक्षितता

२२ ऑक्टोबर १९८९ ची रात्र. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ या लहानशा गावी तीन मुलगे दुकानातून व्हिडिओ कॅसेट घेऊन घराकडे निघाले होते. वाटेत चेहरा झाकलेल्या एका बंदूकधारी पुरुषाने त्यांना अडविले. दोघांना त्याने पळून जाण्यास फर्माविले आणि अकरा वर्षांच्या जेकब वेटरलिंगला तो घेऊन गेला. जेकब घरी परतला नाही.

शोध चालू असताना जेकबच्या आईला, पॅटी वेटरलिंग यांना, एक गोष्ट उमगली. मुलांवर अत्याचार करून शिक्षा भोगलेली माणसे त्या परिसरात कोठे राहतात, याची एकत्रित नोंद पोलिसांपाशी नव्हती. ती असावी म्हणून त्या झटल्या आणि १९९४ साली जेकबच्या नावाने केंद्रीय कायदा झाला. प्रत्येक राज्याने अशा गुन्हेगारांची नोंदवही ठेवावी, असे त्यात ठरले. कॅलिफोर्निया राज्यात अशी नोंद १९४७ पासूनच होती. आता ती देशभर झाली.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यू जर्सी राज्यात सात वर्षांच्या मेगन कांका हिचा बळी गेला. तिला मारणारा समोरच्याच घरात राहत होता आणि त्याच्यावर पूर्वी दोनदा गुन्हा सिद्ध झालेला होता. आम्हाला कोणी सांगितले असते तर आम्ही सावध राहिलो असतो, असे आईवडिलांनी म्हटले. या आक्रोशाला कोण काय उत्तर देणार? १९९६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या कपाटातील माहिती जनतेपुढे आणली. पुढे इंटरनेट आले आणि नाव, छायाचित्र, पत्ता सारे घरबसल्या दिसू लागले. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने गुन्हेगारांचे तीन स्तर पाडले: पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे आणि आजन्म नोंद. आज त्या देशात सात लाखांहून अधिक माणसे या नोंदवह्यांमध्ये आहेत.

येथवरचा प्रवास समजण्याजोगा आहे. मात्र यानंतर जे घडले, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. पोलिसांनी नोंद ठेवणे ही एक गोष्ट. ती नोंद सर्वांसाठी खुली करणे ही दुसरी. आणि सुटलेल्या माणसाने अमुक ठिकाणी राहूच नये, अशी निवासबंदी घालणे ही तिसरी. तिन्हींचा हेतू एकच असला तरी परिणाम एकसारखे नाहीत.

तिसऱ्या गोष्टीपासूनच आरंभ करू, कारण तेथे अनुभव सर्वांत बोलका आहे. आयोवा राज्याने २००२ साली कायदा केला की, अल्पवयीन मुलांवर अत्याचार केलेल्या व्यक्तीने शाळा किंवा पाळणाघरापासून दोन हजार फुटांच्या आत राहू नये. दोन हजार फूट म्हणजे सुमारे सहाशे मीटर. अंतर फारसे वाटत नाही; परंतु आपल्या गावाचा नकाशा घ्यावा, प्रत्येक शाळेभोवती व बालवाडीभोवती तेवढ्या अंतराचे वर्तुळ काढावे आणि मग मोकळी जागा किती उरते ते पाहावे. आयोवातील शहरांत ती फारच थोडी उरली. न्यायालयीन वादानंतर २००५ मध्ये कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा कित्येकांना बायकामुलांचे घर सोडावे लागले. कोणी मोटारीत झोपू लागले, कोणी महामार्गालगतच्या लॉजमध्ये, आणि काहींनी खोटा पत्ता दिला किंवा मुळीच दिला नाही. ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच नजरेआड झाले.

गंमत अशी की हा कायदा रात्रीच्या झोपेपुरता होता. तोच मनुष्य दिवसभर शाळेच्या फाटकासमोर उभा राहिला असता, तरी निवासबंदीच्या नियमाचा त्यात भंग नव्हता!

२००६ मध्ये आयोवातील सरकारी वकिलांच्या संघटनेनेच हा कायदा बदलण्याची मागणी केली. आरोपींना तुरुंगात पाठविणे हे ज्यांचे काम, त्यांनी हे म्हणावे याला वजन आहे. या निर्बंधाने मुलांचे रक्षण होत असल्याचे दिसत नाही. उलट घरापासून कायमचे तुटण्याच्या भीतीने आरोपी गुन्ह्याची कबुली देईनासे झाले आहेत, असे त्यांनी निदर्शनास आणले. कबुली मिळाली नाही, की अत्याचार सोसलेल्या बालकाला न्यायालयात उभे राहून सारे पुन्हा सांगावे लागते. अखेर २००९ मध्ये आयोवाने ही निवासबंदी मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादित केली आणि शाळांच्या आवारात जाण्यावर वेगळी बंधने घातली.

फ्लोरिडात मायामी परिसराने अंतर अडीच हजार फुटांवर नेले. परिणाम असा झाला की, खाडीवरील ज्युलिया टटल पुलाखाली सुटलेल्या गुन्हेगारांची वस्तीच उभी राहिली. अनेकांचा अधिकृत पत्ता 'पूल' हाच होता. २०१० मध्ये ती वस्ती हलविण्यात आली. कॅलिफोर्नियात मतदारांनी २००६ मध्ये असाच निर्बंध मंजूर केला. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगो परगण्यात पॅरोलवरील व्यक्तींना तो सरसकट लावणे घटनाबाह्य ठरविले.

तरीही कोणी विचारील, एक जरी मूल वाचले असेल तर एवढा त्रास सार्थकी लागला नाही काय? प्रश्न रास्त आहे. मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने २००७ मध्ये त्याचाच शोध घेतला. सुटल्यानंतर पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ जणांची प्रकरणे एकेक करून तपासण्यात आली. निवासबंदी असती तर यातील कोणता गुन्हा टळला असता? एकही नाही, असा निष्कर्ष निघाला. बहुतेकांनी बळी गाठला तो ओळखीतून, नात्यातून, एखाद्या मैत्रिणीच्या घरातून. शाळेजवळ राहतो म्हणून शाळेतील मूल पळविले, असे चित्र आपल्या मनात असते. प्रकरणांच्या फायलींत ते जवळजवळ सापडत नाही.

दुसरा समज म्हणजे असा गुन्हेगार सुधारत नाही, तो पुन्हा तेच करणारच. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात, उपचार न घेतलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत लोक पुन्हा गुन्हा करतात, असा अंदाज उद्धृत झाला आणि तो पुढे असंख्य निकालांत झिरपला. त्याचे मूळ शोधले असता ते १९८६ सालच्या एका लोकप्रिय मासिकातील लेखात निघाले. त्या विधानामागे कसलेही संशोधन नव्हते. केंद्रीय न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तीस राज्यांतून २००५ साली सुटलेल्या लैंगिक गुन्हेगारांपैकी ७.७ टक्के व्यक्तींना नऊ वर्षांत बलात्कार वा लैंगिक अत्याचारासाठी पुन्हा अटक झाली. येथे सावधगिरी हवी. पुष्कळ मुले कोणालाच काही सांगत नाहीत, म्हणून खरा आकडा याहून मोठा असणार. आणि शंभरांतील सात-आठ हेही थोडे नव्हेत. परंतु सर्वांना सारखेच धोकादायक मानले, तर या सात-आठ जणांकडे द्यावयाचे लक्ष उरलेल्यांत वाटले जाते.

सार्वजनिक नोंदवहीविषयी मत देणे अधिक कठीण आहे. जे. जे. प्रेस्कॉट आणि जोना रॉकॉफ या अभ्यासकांनी २०११ मध्ये अनेक राज्यांची आकडेवारी पडताळली. पोलिसांकडील नोंदीमुळे ओळखीतील व्यक्तींवरील गुन्हे घटल्याची चिन्हे त्यांना दिसली. मात्र नाव चव्हाट्यावर आल्यानंतर नोंदवहीतील माणसे पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा संभव वाढतो, असे आढळले. घर नाही, नोकरी नाही, शेजार नाही, मग सावरण्याचे कारण तरी काय उरते? २००६ मध्ये मेन राज्यात एका तरुणाने नोंदवहीतून पत्ते काढून दोन पुरुषांना ठार केले. त्यांतील एकाचा मूळ गुन्हा होता, एकोणीस वर्षांचा असताना सोळा वर्षे पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेल्या मैत्रिणीशी ठेवलेला संबंध.

इंग्लंड व वेल्सने मधला मार्ग निवडला. तेथे नोंदवही पोलिसांकडेच असते. मात्र आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी पालक पोलिसांकडे विचारणा करू शकतात. २००८ मध्ये ही योजना प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पर्यंत सर्वत्र पोहोचली. भारतानेही २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. आरंभी तीत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या आणि ती केवळ तपास यंत्रणांसाठी आहे. आमच्या मते हे योग्यच झाले. आपल्याकडे नोंदविल्या जाणाऱ्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. तो काका, शेजारी किंवा शिकवणीचे सर असला, तर संकेतस्थळावरील अनोळखी चेहरे पाहून आई काय ओळखणार? शिवाय बापाचे नाव जगजाहीर झाले तर मुलीचे नावही झाकलेले राहत नाही.

ख्रिस्तसभेने या विषयावर बोलताना आधी स्वतःकडे पाहावे, हे उचित. २०१८ साली पेनसिल्व्हेनियातील ग्रँड ज्युरीच्या अहवालात सहा धर्मप्रांतांतील तीनशेहून अधिक धर्मगुरूंवरील आरोप आणि हजाराहून अधिक बालकांच्या यातना नोंदविल्या गेल्या. त्यांतील बहुसंख्य धर्मगुरू कोणत्याही सरकारी नोंदवहीत नव्हते, कारण त्यांच्यावर कधी खटलाच उभा राहिला नव्हता. त्यांची बदली होत होती. धोका कोठे आहे हे वरिष्ठांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते नव्या धर्मग्रामातील आईवडिलांना. मेगनच्या आईवडिलांचा आक्रोश येथे आपल्याच अंगणात ऐकू येतो. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा गोष्टी कळविणे धर्मगुरू व व्रतस्थांना बंधनकारक केले.

आणि जेकब? २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, सत्तावीस वर्षांनी, त्याचे अवशेष सापडले. ज्याने जागा दाखविली, त्याची पोलिसांनी गुन्ह्यानंतर काही महिन्यांतच चौकशी केली होती आणि त्याला सोडून दिले होते. त्याच्यावर तोवर लैंगिक गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. जेकबच्या नावाची नोंदवही त्या रात्री अस्तित्वात असती, तरी त्याचे नाव तीत नसते. पॅटी वेटरलिंग यांनी ज्या कायद्यासाठी जीव पाखडला, त्याच्या अतिरेकी विस्ताराविषयी, विशेषतः अल्पवयीन आरोपींची नावे त्यात घालण्याविषयी आणि निवासबंदीविषयी, त्यांनी स्वतःच जाहीरपणे शंका व्यक्त केल्या आहेत.

याच मिनेसोटात २००८ पासून निराळा प्रयोग चालू झाला. मूळ कॅनडातील हॅमिल्टन शहरातले. १९९४ मध्ये एका मेनोनाइट पाळकाने तो सुरू केला. सुटून आलेल्या आणि कोणीही जवळ न करणाऱ्या माणसाभोवती चार-पाच प्रशिक्षित स्वयंसेवकांचे मंडळ उभे करायचे. ते त्याला दर आठवड्याला भेटतात, खोली व काम शोधण्यास मदत करतात आणि तो कोठे जातो, कोणाशी बोलतो, हे स्पष्ट विचारतात. संशय आला तर पोलिसांना कळवितात. हा भाबडा दयाळूपणा नव्हे. शंभर जणांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून निष्कर्ष तपासले असता, मंडळ लाभलेल्यांना नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचे प्रमाण फारच कमी आढळले. संख्या लहान आहे, हे खरे.

आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने लपविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते.