‘बापावर गेला’ म्हणण्याआधी

दारुड्याचा मुलगा प्यायला लागला, की लोक म्हणतात, ‘बापावर गेला.’ यात तथ्य आहेच. जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो. पण त्या घरात पोराला नुसती जनुकं मिळत नाहीत. आईला होणारी मारहाण, रात्रीची आदळआपट, कडी वाजली की पोटात उठणारा गोळा, हेही तिथेच मिळतं. मग दोष रक्ताचा, की त्या रात्रींचा?

अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी सॅन दिएगोतल्या साडेनऊ हजार प्रौढांची माहिती १९९८ साली प्रसिद्ध केली. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन अशा सातपैकी चार किंवा अधिक प्रकारचे आघात लहानपणी सोसलेल्यांमध्ये मद्यासक्तीची शक्यता, काहीच न सोसलेल्यांपेक्षा सुमारे सातपट निघाली. ही बरीचशी शिकलेली, मध्यमवर्गीय माणसं होती; म्हणजे दोष नुसत्या गरिबीचा नव्हता. तरीही रक्ताचा प्रश्न उरतोच.

तो केनेथ केंडलर यांनी व्हर्जिनियातल्या जुळ्या बहिणींच्या मदतीनं सोडवायला घेतला. २००० सालच्या या अभ्यासात, एकीवर बालपणी अत्याचार झाला आणि दुसरीवर नाही, अशाही जोड्या होत्या. घर तेच, आईबाप तेच. पण व्यसनाचा आणि मानसिक आजारांचा धोका अत्याचार सोसलेल्या बहिणीला जास्त. मला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

माकडांतही हेच दिसलं. डी हिगली यांच्या १९९१ च्या प्रयोगात आईविना, फक्त सवंगड्यांबरोबर वाढलेली माकडं आईजवळ वाढलेल्यांपेक्षा जास्त दारू पीत. मात्र कळपापासून तोडल्यावर आईजवळ वाढलेलीही जवळपास तितकीच पिऊ लागली.

सततच्या भीतीत वाढणाऱ्या मेंदूची धोक्याची घंटा हलक्या चाहुलीनंही वाजू लागते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं गणित बिघडतं. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम दारू वाढवते. अशा माणसाला पहिल्या पेल्यात मौज नव्हे, आयुष्यात प्रथमच स्वस्थता सापडू शकते. दारू सोडली, की ती घंटा पुन्हा सुरू होते. जुन्या आघातावर उपचार न करता नुसती शपथ घ्यायला लावणं मला म्हणूनच क्रूर वाटतं.

उपचाराला आलेल्याला ‘किती पिता?’ बरोबर ‘लहानपणी घरी काय चालायचं?’ हेही विचारायला हवं. मात्र हात थरथरत असतात त्या पहिल्या दिवसांत नको. झोप लागू लागली, समोरच्यावर थोडा विश्वास बसला, की मग.