सचिनने चीटिंग केली होती का? : आरोप आणि पुरावा शिकवणारा एक पाठ



शीर्षकातला प्रश्न चौथी-पाचवीच्या वर्गात विचारून बघा. "नाही!" असं एकसुरात उत्तर येईल. गंमत म्हणजे सचिन नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा यातली बरीचशी मुलं जन्मालाही आली नव्हती. आरोप काय होता, कुठल्या सामन्यात होता, हे त्यांना ठाऊक नसतं. तरीही उत्तर ठाम असतं. ते उत्तर घरातून आलेलं असतं आणि घरात ते प्रेमातून आलेलं असतं.

प्रेम असणं चांगलंच आहे. पण "तो असं करणारच नाही" हा पुरावा नव्हे, आणि "तो असंच करतो" हाही पुरावा नव्हे. हा फरक मुलांना कसा समजावायचा, यासाठी आजचा लेख. भाषा आणि परिसर अभ्यास या दोन्ही तासांना तो वापरता येईल.

नेमकं काय घडलं होतं?

नोव्हेंबर २००१. भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. कर्णधार सौरव गांगुली. दुसरी कसोटी पोर्ट एलिझाबेथला १६ ते २० नोव्हेंबर दरम्यान झाली आणि अनिर्णित राहिली. या सामन्यात टीव्हीच्या कॅमेऱ्यात सचिन तेंडुलकर चेंडूच्या शिवणीवर बोटं फिरवताना दिसला. सामनाधिकारी होते इंग्लंडचे माजी कर्णधार माइक डेनेस. त्यांनी सचिनला सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड केला आणि एका कसोटीची स्थगित बंदी घातली. स्थगित म्हणजे लगेच लागू न होणारी, पुन्हा काही घडलं तर लागू होणारी.

शिक्षा एकट्या सचिनला नव्हती. एकूण सहा भारतीय खेळाडूंना झाली. वीरेंद्र सेहवाग, हरभजन सिंग, शिवसुंदर दास आणि दीप दासगुप्ता यांना अति अपील केल्याबद्दल, तर गांगुलीला संघाला आवर न घातल्याबद्दल. यातली लगेच लागू होणारी बंदी फक्त सेहवागवर होती. त्याने त्याच दौऱ्यात, पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं होतं.

भारतात संतापाची लाट उसळली. कोलकात्यात डेनेस यांचे पुतळे जाळले गेले. संसदेत विषय निघाला. वर्णद्वेषाचा आरोप झाला. भारतीय मंडळाचे अध्यक्ष जगमोहन दालमिया यांनी पुढच्या कसोटीसाठी दुसरा सामनाधिकारी मागितला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे आयसीसीने, नकार दिला. मग दोन्ही देशांच्या मंडळांनी डेनेस यांना बाजूला ठेवून सेंच्युरियनला सामना खेळवला, आणि आयसीसीने त्या सामन्याची कसोटी म्हणून मान्यताच काढून घेतली. बडोद्याचा सलामीवीर कॉनर विल्यम्स त्या सामन्यात भारताकडून पहिल्यांदा उतरला होता. पुन्हा त्याला कसोटीची संधी मिळाली नाही. त्यामुळे त्याच्या नावावर आजही एकही अधिकृत कसोटी नाही. भांडण कुणाचं आणि भरपाई कुणाच्या गळ्यात, हे मुलांना या एका उदाहरणावरून लगेच कळतं.

नियम काय सांगत होता?

इथे थोडं थांबून फळ्यावर चेंडू काढा आणि शिवण दाखवा. शिवण मुद्दाम उचकटली किंवा एक बाजू खरवडली, तर चेंडू हवेत आणि टप्प्यावर जास्त हलतो आणि फलंदाजाला खेळणं अवघड जातं. म्हणून चेंडूची अवस्था बदलणं नियमाबाहेर आहे.

पण चेंडूला हात लावणंच गुन्हा आहे का? नाही. क्रिकेटच्या नियमांनुसार क्षेत्ररक्षकाला चेंडू कपड्यावर घासून चमकवता येतो, फक्त बाहेरचा पदार्थ लावायचा नाही. ओला चेंडू टॉवेलने पुसता येतो. आणि चेंडूला लागलेला चिखल काढता येतो, मात्र पंचांच्या देखरेखीखाली.

सगळा वाद या शेवटच्या अटीत आहे. सचिनची बाजू अशी होती की तो शिवणीत अडकलेलं गवत-माती काढत होता. ते काढायला हरकत नव्हती. पण ते पंचांना दाखवून, विचारून काढायला हवं होतं. नंतर आयसीसीकडूनही हेच स्पष्ट झालं की ठपका चेंडू कुरतडल्याचा नसून पंचांच्या देखरेखीशिवाय तो साफ केल्याचा आहे.

आता बघा, "सचिनने चीटिंग केली का?" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. नियम मोडला गेला का? हो, प्रक्रियेचा नियम पाळला गेला नाही. फसवणूक सिद्ध झाली का? नाही. मराठीत आपल्याकडे यासाठी तीन वेगळे शब्द आहेत: आरोप, नियमभंग आणि फसवणूक. आरोप म्हणजे कुणीतरी म्हणतंय. नियमभंग म्हणजे नियमाप्रमाणे घडलं नाही. फसवणूक म्हणजे जाणूनबुजून, लपवून, फायद्यासाठी केलं. मुलांच्या तोंडात या तिन्हींसाठी एकच शब्द असतो, "चीटिंग". मोठ्यांचंही फार वेगळं नसतं.

चाहत्यांचा राग चुकीचा होता का?

पूर्णपणे चुकीचा नव्हता, आणि हे मुलांना प्रामाणिकपणे सांगायला हवं. मैदानावरच्या पंचांनी सचिनविरुद्ध तक्रार केलेली नव्हती. अपील दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंनीही जोरजोरात केलं होतं, तरी शिक्षा एकाच संघाला झाली. पत्रकार परिषदेत डेनेस बसले होते, पण निर्णयाचं स्पष्टीकरण त्यांनी दिलं नाही. "निर्णय सगळ्यांना सारखा लावला का? कारण सांगितलं का?" हे प्रश्न रास्तच होते.

काळही लक्षात घ्यायला हवा. २००० साली मॅच फिक्सिंगचं प्रकरण फुटलं होतं. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने कबुली दिली होती आणि आपल्या मोहम्मद अझरुद्दीनवर बंदी आली होती. लोकांचा क्रिकेटवरचा विश्वास डळमळला होता. अशा वेळी सचिन हे एक नाव स्वच्छ उरलं होतं. महाराष्ट्रात तर तो दादरच्या शारदाश्रमात शिकलेला, आचरेकर सरांनी घडवलेला, प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा मुलगा. त्याच्यावर बोट उठलं म्हणजे घरातल्या माणसावर उठल्यासारखं वाटलं.

पण इथे दोन प्रश्नांची गल्लत झाली. "प्रक्रिया न्याय्य होती का?" हा एक प्रश्न. "त्याने ते केलं का?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं म्हणून दुसऱ्याचंही "नाही"च येतं, असं नसतं. पुतळे जाळणाऱ्यांना नियमाचं कलम विचारलं असतं, तर किती जणांना सांगता आलं असतं?

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

अजिबात नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचं फुटबॉल फार लोकप्रिय आहे. चेंडू लंबगोल, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा. तिथला मोठा खेळाडू टॉम ब्रेडी. १८ जानेवारी २०१५ च्या सामन्यानंतर त्याच्या संघावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्सवर, आरोप झाला की पकड चांगली बसावी म्हणून चेंडूतली हवा मुद्दाम कमी केली. चौकशी अहवालात ठोस पुराव्यापेक्षा 'असं झालं असण्याची शक्यता जास्त' असा निष्कर्ष होता. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली. कोर्टाने ती उठवली, वरच्या कोर्टाने पुन्हा लावली, आणि २०१६ च्या हंगामात त्याने ती भोगली.

काही जाणकारांनी विज्ञानाचा मुद्दा काढला. उबदार खोलीत हवा भरलेला चेंडू थंडीत नेला की आतला दाब आपोआप उतरतो. मग उतरलेल्या दाबातला थंडीमुळे किती आणि माणसामुळे किती? प्रश्न मोजमापाचा होता. पण न्यू इंग्लंडमधल्या बहुतेक चाहत्यांना हे विज्ञान लगेच पटलं, आणि विरोधी संघांच्या चाहत्यांना ती पळवाट वाटली. चेंडू तोच, थर्मामीटर तोच, निष्कर्ष मात्र गावाप्रमाणे वेगळा!

याच खेळावर एक जुना आणि प्रसिद्ध अभ्यास आहे. १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमाउथ या दोन कॉलेजांचा सामना फार आडदांडपणे खेळला गेला. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमाउथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची फिल्म दोन्ही कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि दिसलेले नियमभंग लिहून घ्यायला सांगितलं. डार्टमाउथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरी ९.८ दिसले. डार्टमाउथच्या मुलांना स्वतःच्या संघाचे ४.३ च दिसले. फिल्म एकच होती. १९५४ साली हा अभ्यास छापून आला. ती मुलं खोटं बोलत नव्हती, बरं का. त्यांना खरंच तेवढेच दिसले होते.

आपल्या पंचवटीच्या गल्लीबोळांत हा प्रयोग रोज संध्याकाळी होतो. गल्ली क्रिकेटमध्ये पंच कोण असतो? बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एक पोरगा. मग रनआऊट झाला की त्याला बॅट आत दिसते आणि फिल्डिंगवाल्यांना बाहेर दिसते. आणि दोन्हीकडून एकच आरोळी येते, "रडीचा डाव!"

वर्गात कसं घ्यायचं?

एक तासिका पुरते. खेळाडूंची नावं न सांगता तीन प्रसंग कागदावर द्या.

१. खेळाडू 'क' : चेंडूच्या शिवणीतली माती पंचांना न विचारता काढली.

२. खेळाडू 'ख' : तोंडातली गोळी चघळत असताना चेंडूला लावली. कॅमेऱ्यात दिसलं.

३. खेळाडू 'ग' : खिशातून सँडपेपर काढून चेंडूवर घासला. कॅमेऱ्यात दिसल्यावर तो पँटच्या आत लपवला. नंतर कबूल केलं.

गटांत चर्चा होऊ द्या आणि फळ्यावर चार प्रश्न लिहा:

- नेमका आरोप काय आहे?
- कोणी काय पाहिलं, आणि कोणी फक्त ऐकलं?
- नियम काय सांगतो? केलेलं मुद्दाम आणि लपवून होतं का?
- नाव बदललं, तर माझं मत बदलेल का?

मतं लिहून झाल्यावरच नावं उघड करा. 'क' म्हणजे सचिन. 'ख' म्हणजे राहुल द्रविड. जानेवारी २००४ मध्ये ब्रिस्बेनला झिंबाब्वेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात हे घडलं आणि त्याला मानधनाच्या निम्मा दंड झाला. 'ग' म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बँक्रॉफ्ट, मार्च २०१८, केपटाऊन. त्याला नऊ महिने, तर स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना एक वर्षाची बंदी त्यांच्याच मंडळाने घातली. नावं कळल्यावर काही मुलं लिहिलेलं खोडायला लागतील. तिथे पाठ खऱ्या अर्थाने सुरू होतो. "पुरावा बदलला का? मग मत का बदललं?" एवढंच विचारा आणि वाट बघा.

आपल्यासाठी

हा पाठ क्रिकेटपुरता नाही. प्रत्येक वर्गात एखादा सचिन असतो, गृहपाठ वेळेवर करणारा, सगळ्यांचा लाडका. आणि एखादा असा असतो, ज्याचं नाव काही हरवलं की आधी घेतलं जातं. रंगपेटी सापडत नाही, चाचणीत दोघांची उत्तरं सारखी येतात, आणि वर्ग क्षणात निकाल देतो. हुशार मुलाने बघून लिहिलं नसेलच, दुसऱ्यानेच लिहिलं असेल. शाबासकीमुळे एकाला सूट मिळते आणि जुन्या खोड्यांमुळे दुसऱ्याला शिक्षा होते. ज्याच्यावर न पाहता आरोप झाला, ते मूल पुढच्या वेळी खरं सांगायच्या भानगडीत पडत नाही. खरं सांगूनही कुणी ऐकत नाही, हे त्याला कळलेलं असतं. आणि ज्याला न विचारता सूट मिळाली, तेही काही चांगलं शिकत नाही.

म्हणून ते चार प्रश्न तासिका संपली तरी पुसू नका. एका कार्डशीटवर लिहून भिंतीला लावा. भांडण आलं की मुलांना तिकडे बोट दाखवायची सवय लावा.

पालकांसाठी गृहपाठ सोपा आहे. पुढचा सामना मुलांसोबत बघताना आपल्या संघाविरुद्ध निर्णय गेला की "अंपायर विकला गेलाय" असं म्हणायच्या आधी रिप्ले बघा. नंतर मुलाला विचारा, "हाच निर्णय त्यांच्याविरुद्ध गेला असता, तर आपण काय म्हटलं असतं?" तुमच्या मुलांनी काय उत्तर दिलं, ते जरूर कळवा.