फिरता मान, चालता कारभार

सोलापूरहून हैदराबादच्या वाटेला लागलं की नळदुर्गाच्या अलीकडे अणदूर लागतं. इथला खंडोबा वर्षभर इथे राहत नाही. सव्वादहा महिने त्याचा मुक्काम अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गाच्या मैलारपुरात. देव एक, देवळं दोन. पण खरं नवल पुढेच आहे. ही वाटणी लेखी करारावर चालते. दोन्ही गावचे मानकरी एकत्र येतात, कागद होतो, मग देव हलतो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गाला भरते आणि मुदत भरली की देव ठरल्याप्रमाणे अणदूरला परत. देवाला आपल्याच गावी ठेवून घ्यावं असं कुणाला वाटलं नसेल असं नाही, पण मुदत म्हणजे मुदत.

वैज्ञानिकांच्या मोठमोठ्या संघटना शंभर-दोनशे वर्षं कशा टिकतात हे सांगायला मला याहून चांगला दाखला सापडलेला नाही. तिथेही मान फिरता असतो, मुदत ठरलेली असते आणि कागद झाल्याशिवाय काही हलत नाही.

अशा संघटनेत हजारो सभासद असतात. कुणी माशांचा अभ्यासक, कुणी दगडांचा, कुणी नुसत्या आकड्यांचा. सगळ्यांना एका मांडवात बसवलं तर पहिल्या तासाभरातच निम्मे जांभया देतील. म्हणून संघटना स्वतःचे भाग पाडते. काही भाग विषयावर पडतात: वनस्पतींचा विभाग, रसायनांचा विभाग. काही गावावर पडतात: नाशिकची शाखा, बेळगावची शाखा. प्रत्येक भागाचा अध्यक्ष वेगळा, कार्यवाह वेगळा, समिती वेगळी, आणि ही सगळी माणसं सभासदांतूनच आलेली. वरून साहेब नेमून पाठवण्याची पद्धत नाही. सभासदांनी मनावर घेतलं तर विभाग जन्मतो, आणि कधी कधी तर परवानगीच्या आधीच जन्मतो.

१८३३ सालची केंब्रिजची गोष्ट ऐका. ब्रिटनमधली विज्ञानप्रसाराची संघटना, ब्रिटिश असोसिएशन, तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. १८३१ मध्ये यॉर्कला ती निघाली होती. केंब्रिजच्या अधिवेशनाला बेल्जियमहून अडॉल्फ केटले आला. कोणत्या वयात माणसं किती गुन्हे करतात, अशा आकड्यांचं बाड घेऊन. पण हे वाचायचं कुठे? भौतिकीच्या विभागात बसेना, रसायनात बसेना, भूगर्भातही बसेना. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्स यांच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या खोलीवर चार-सहा मंडळी जमली. त्यांत लोकसंख्येवाले माल्थस होते आणि गणनयंत्राच्या मागे लागलेले चार्ल्स बॅबेजही होते. तिथल्या तिथे ठरलं की संख्याशास्त्राचा नवा विभाग काढायचा. नियमात तशी सोय नव्हती. झालं ते झालं म्हणून अध्यक्ष सेजविक यांना ते मान्य करावं लागलं, पण त्यांनी एक कुंपण घातलं: जे आकड्यांत मांडता येतं तेवढंच बोला, राजकारणात शिरू नका. हाच पुढे ‘एफ’ विभाग म्हणून ओळखला गेला. पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, याच मंडळींच्या पुढाकाराने लंडनची संख्याशास्त्र संस्था उभी राहिली. आजची रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी ती हीच. एका माणसाला निबंध वाचायला जागा मिळेना, त्यातून एक अख्खं शास्त्र आपल्या पायावर उभं राहिलं.

आपल्याकडे हा साचा दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी आणला, सायमनसेन आणि मॅकमहॉन यांनी. १५ ते १७ जानेवारी १९१४ ला कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत इंडियन सायन्स काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष आशुतोष मुखर्जी, माणसं १०५, निबंध ३५ आणि विभाग सहा: वनस्पती, रसायन, मानववंश, भूगर्भ, भौतिकी, प्राणी. पस्तीस निबंधांना सहा विभाग म्हणजे ताटं जास्त आणि भाकरी कमी. पण ती घाई नव्हती. पंगत पुढे वाढली तेव्हा बसायला जागा आधीच आखलेली होती. विभाग वाढत गेले, २००० साली फेरआखणी होऊन ते चौदा झाले.

विभागाच्या अध्यक्षाला भाषणाचा मान असतो आणि नाव छापून येतं. पण खरा गाडा ओढतो तो रेकॉर्डर, म्हणजे विभागाचा कार्यवाह. निबंध मागवायचे, छाननी करायची, कोण कधी बोलणार हे लावायचं, वेळ संपली की मोठ्या प्राध्यापकालाही खाली बसवायचं आणि शेवटी काय झालं ते लिहून ठेवायचं. या कामाबद्दल टाळ्या पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. विभागाच्या अध्यक्षपदाचा मान मात्र सोन्याचा. जानेवारी १९४७ मध्ये दिल्लीला अधिवेशन भरलं, मुख्य अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. त्याच अधिवेशनात मानववंशशास्त्राच्या विभागाच्या अध्यक्षस्थानी पुण्याच्या इरावती कर्वे होत्या. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आलेलं, आणि एका विभागाची खुर्ची डेक्कन कॉलेजातल्या बाईंकडे. ही खुर्ची सरकारी हुकुमाने मिळत नाही. आपल्याच शास्त्रातल्या सहकाऱ्यांनी ती द्यावी लागते, म्हणून तिचं मोल.

कार्यवाह होऊन होऊन माणूस कसा घडतो, याचं उदाहरण मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. कोलकात्यात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी सायन्स काँग्रेसचं सरचिटणीसपद बरीच वर्षं सांभाळलं. मग पुण्याला आले आणि १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही सभासदांची संस्था उभी केली. तिच्याच संशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे. निबंध लावणं, पत्रव्यवहार, वर्गणी, हिशेब ही शिदोरी कोलकात्याची.

आता अशा संस्थेचा सगळ्यांत रुक्ष कागद जवळून पाहू: वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय दुसरा, जमाखर्चास मंजुरी. तिसरा, लेखापरीक्षकाची नेमणूक. चौथा, कार्यकारिणीची निवड. शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. आणि तळाशी बारीक अक्षरात ती अजरामर टीप: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. मला ही टीप फार आवडते. माणसं उशिरा येतात किंवा येतच नाहीत, हे धरूनच ती लिहिली आहे. एक सूचक, एक अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासाची कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. तो राहून गेला की नवे लोक काम करत असतात आणि सरकारदरबारी जुनेच विश्वस्त! पुढे बँकेत सहीचा प्रश्न निघाला की मग धावाधाव.

बऱ्याच संघटनांत आणखी एक शहाणी सोय असते, ती म्हणजे नियोजित अध्यक्ष. पुढच्या वर्षी कोण बसणार हे आदल्या वर्षीच ठरतं. तो वर्षभर शेजारी बसून कारभार पाहतो, मग खुर्चीत बसतो. काही ठिकाणी त्यानंतरचं वर्षही मावळता अध्यक्ष म्हणून हाताशी राहावं लागतं. एका वर्षाच्या मानासाठी तीन वर्षांची बांधिलकी, तरी माणसं तयार होतात.

गावावर पाडलेल्या भागांचं आपलं अस्सल मराठी उदाहरण म्हणजे मराठी विज्ञान परिषद. २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत ती स्थापन झाली. मध्यवर्ती कार्यालय मुंबईत, आणि विभाग महाराष्ट्रभर, शिवाय राज्याबाहेरही. वार्षिक अधिवेशन गावोगाव फिरतं, म्हणजे एखाद्या गावचा विभाग यजमान होतो आणि वर्षभर मंगल कार्यालय, जेवणावळ, पाहुण्यांची उतरण्याची सोय यातच बुडून जातो. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेचा किस्सा सर्वांना ठाऊक आहे तरी सांगतो. १९७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. अक्षरही पत्नीचं, ओळख पटू नये म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

डॉक्टरांच्या जगात याहून हलकं रूप आहे. १९७४ च्या सुमारास, जयप्रकाशांच्या आंदोलनाच्या वातावरणात, मेडिको फ्रेंड सर्कल सुरू झालं. सभासदांची वर्गणी, एक बुलेटिन, बहुधा सेवाग्रामला भरणारी वार्षिक बैठक आणि एक निमंत्रक. निमंत्रक बदलला की संस्थेचा पत्ताच त्याच्या गावी जातो. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभं केलेलं हॅलो मेडिकल फाउंडेशनचं कामही वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गटातूनच आलेलं आहे. ती शास्त्रज्ञांची संघटना नव्हे, पण गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करताना तिने एक गोष्ट या संघटनांसारखीच केली. ज्ञान दवाखान्याच्या टेबलाशी अडवून ठेवलं नाही, गावात त्या बायकांच्याच हाती दिलं.

या साऱ्या सुंदर रचनेचं दुखणं एकच: पैसा कुठून येतो. सायन्स काँग्रेसचं १०८वं अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला थाटात झालं. पुढच्या वर्षीचं भरलंच नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाशी निधीवरून वाद झाला, यजमान विद्यापीठाने अंग काढून घेतलं. विषयावर पाडलेल्या विभागांची अडचण इथे उघडी पडते. त्यांचे सभासद देशभर विखुरलेले, वर्षातून एकदा मोठ्या मांडवातच भेटणारे. मांडव पडला नाही की चौदाच्या चौदा विभागांना बसायला जागा नाही. गावातल्या शाखेचं तसं नसतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं व्याख्यान ठेवायला तिला दिल्लीची मंजुरी लागत नाही. शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी मोकळा आहे का, एवढंच मुख्याध्यापकांना विचारावं लागतं.