जुन्या कॅसेटी आणि डुलणारे चित्र

दिल्लीला १९८२ साली आशियाई खेळ झाले आणि त्याच वर्षी आपल्या देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. पुढे थोड्याच वर्षांत व्हीसीआर गावोगाव पोहोचला. गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, चौकात मांडायचा आणि उजाडेपर्यंत तीन सिनेमे बघायचे, हे केलेली मंडळी आष्टी तालुक्यातही आज पन्नाशी-साठीची आहेत. मग लग्नात शूटिंग आले, सप्ताहातल्या कीर्तनाचे आले, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे आले. त्या कॅसेटी आज लोखंडी पेटीत किंवा माळ्यावर पडून आहेत. आजोबांचा फोटो भिंतीवर असतो, पण आजोबा चालायचे कसे, हाक कशी मारायचे, हे पुष्कळ घरांत त्या एका कॅसेटीतच उरले आहे.

कॅसेट संगणकात उतरवून घ्यावी असे आता पुष्कळांना वाटते. बाजारात चार-पाचशे रुपयांची यूएसबीची पट्टी मिळते. ती लावतात, घरातला जुना व्हीसीआर जोडतात आणि चित्र वरच्या बाजूला वाकडे होते, मध्येच उडी मारते, नवरीचे ओठ हलतात एकीकडे आणि मंगलाष्टके ऐकू येतात दुसरीकडे. मग कॅसेटच खराब झाली असे म्हणून ती टाकून देतात. बहुतेक वेळा कॅसेट इतकी खराब नसते. दोष वाजवणाऱ्या यंत्रात असतो, नाहीतर वेळेच्या गडबडीत असतो.

ही वेळेची गडबड म्हणजे काय, ते आधी पाहू. कॅसेटीतली फीत अर्धा इंच रुंद असते. व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत ढोल असतो, तो आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतो. ढोलावरची हेडे फितीवर तिरक्या रेघा वाचत जातात, तिफणीने तिरके तास ओढावेत तशा. एका फेऱ्यात एक पूर्ण चित्र. त्या चित्रात ६२५ ओळी, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. प्रत्येक ओळ अगदी ठरलेल्या क्षणी यायला हवी. पण फीत ताणली जाते, रबर झिजते, ढोलाची गती केसभर मागेपुढे होते. मग ओळी लवकर-उशिरा येतात आणि सरळ खांब वाकडा दिसतो.

गुरुजींना हे चटकन कळेल. प्रभातफेरीहून मुले परत येतात तेव्हा रांगा विस्कटलेल्या असतात. फाटकात एक शिक्षक उभा राहतो, प्रत्येक रांगेला क्षणभर थांबवतो आणि शिट्टी वाजली की आत सोडतो. मैदानात रांगा पुन्हा सरळ. सिग्नल सुधारणारे यंत्र, ज्याला टीबीसी म्हणतात, तेच करते. आलेली ओळ क्षणभर आपल्या स्मरणात धरते आणि नेमक्या वेळेला पुढे पाठवते. मात्र जो मुलगा वाटेतच घरी गेला, त्याला फाटकातला शिक्षक कुठून आणणार? फितीवरून जे पुसले गेले ते टीबीसी परत देत नाही. ‘मशीनमधून काढले की नव्यासारखे होईल’ असे कोणी दुकानदार सांगू लागला, तर जरा जपून.

जुना काचेचा टीव्ही ही गडबड बरीचशी सोसून घेई. संगणक सोसत नाही. एखादे चित्र वेळेवर आले नाही की तो ते सोडून देतो, आणि अशी सोडलेली चित्रे साठली की आवाज पुढे-मागे होतो.

म्हणून पैसे आधी व्हीसीआरवर घालावेत, बाकी सगळे नंतर. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर करणे थांबवले. ती शेवटची कंपनी, त्यामुळे आता मिळेल तो वापरलेलाच मिळणार. साध्यापेक्षा एस-व्हीएचएस जातीचा घ्यावा, कारण त्याला एस-व्हिडिओची गोल तोटी असते. तिच्यातून उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी बाहेर येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातही काहींच्या पोटात ओळी सरळ करणारा टीबीसी असतो. पॅनासॉनिकचा एनव्ही-एफएस२०० किंवा जेव्हीसीचा एचआर-एस९६०० ही त्यातली पालवाली नावे. एखाद्या वाईट फितीला हा आतला टीबीसी सोसत नाही, चित्र उलट जास्तच उडते. तेव्हा बटण चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही पाहावे.

आणि हे नीट ऐका. इंटरनेटवर जपानी व्हीसीआर स्वस्त दिसतात, अमेरिकेतला पॅनासॉनिक एजी-१९८० तर फार नावाजलेला आहे. पण ती यंत्रे एनटीएससी पद्धतीची, ५२५ ओळींची. जपानी यंत्र वर १०० व्होल्टवर चालणारे. आपल्या लग्नाच्या कॅसेटीला त्यांचा उपयोग नाही. उलट अमेरिकेतल्या भाच्याने धाडलेली कॅसेट असेल, तर तिला एनटीएससी वाजवणारेच यंत्र लागेल.

बाहेरून लावायचा टीबीसी दोन कामांपैकी कोणते करतो, हे विचारून घ्यावे. काही ओळी सरळ करतात, काही पूर्ण चित्रे वेळेवर सोडतात. डेटाव्हिडिओचा टीबीसी-१००० हा दुसऱ्या प्रकारातला. आता तो बनत नाही, आणि जुना मिळाला तरी महाग पडतो. त्यापेक्षा परवडणारी एक युक्ती पुष्कळजण वापरतात. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० नावाचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये जोडायचा. डीव्हीडी काढायची नाही, सिग्नल नुसता आरपार जाऊ द्यायचा. वरचा वाकडेपणा त्याने चांगला जातो. चित्र किंचित गुळगुळीत होते, पण वाकलेल्या मांडवापेक्षा ते बरे. लग्नाच्या कॅसेटीत स्टुडिओवाल्याने बदामात नवरा-नवरी बसवलेली असतात ना, तिथल्या जोडांवर चित्र हमखास उडी मारते. अशा ठिकाणी मात्र पूर्ण चित्र सावरणारा टीबीसीच खरा.

एका घराला हे सगळे परवडणार नाही, आणि दोन-चार कॅसेटींसाठी घेऊही नये. एका केंद्रातल्या शाळांनी मिळून एक संच घ्यावा, आधी शाळांच्या कॅसेटी उतरवाव्यात, मग गावकऱ्यांच्या. कोणाला हे जमत नसेल, तर न्यू आष्टीहून नगरला २०२२ पासून रेल्वे झाली आहे. तिथे किंवा पुण्याला काम देताना व्हीसीआर कोणता, टीबीसी आहे का, असे दोन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर नीट मिळाले नाही, तर कॅसेट परत घेऊन यावी.

घरी करणाऱ्यांनी पहिली कॅसेट टाकाऊ लावावी. वर्षानुवर्षे पडून असलेल्या व्हीसीआरचे रबरी पट्टे सैल होतात, वंगण वाळते, आणि तो फीत गिळतो. कॅसेटीच्या काचेतून फितीवर पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट यंत्रात घालूच नये. एका कॅसेटीची बुरशी हेडावर बसते आणि पुढच्या दहांना लागते. हेड पुसायला कापूस नको, त्याचा धागा अडकून हेड तुटते. मऊ चामडे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून स्थिर धरावे आणि ढोल हाताने फिरवावा, चामडे वर-खाली घासू नये. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, तेव्हा व्हीसीआर आणि संगणक दोन्ही यूपीएसवर हवेत. तीन तासांची कॅसेट अडीच तासांवर बंद पडली की सगळे पहिल्यापासून, आणि जुन्या फितीला तो फेरा झेपेलच असे नाही.

उतरवलेली फाईल एकदम बारीक करू नये. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी लागतात, तेवढी जागा ठेवावी. एक प्रत घरी, दुसरी वेगळ्या डिस्कवर वेगळ्या गावी. कॅसेट टाकू नये. पूर्ण मागे फिरवून, पुस्तकासारखी उभी, पत्र्याच्या खोलीत न ठेवता भिंतीच्या थंड कोपऱ्यात ठेवावी, आणि तिच्यात कोण कोण आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच कागदावर लिहून आत घालावे.