रोगप्रतिकारशक्ती : कमी की बेताल?

बहरीनमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण २४ फेब्रुवारी २०२० रोजी आढळला आणि आपल्या घरोघरी काढे उकळू लागले. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा जणू मंत्रच झाला. परंतु गंभीर रुग्णांची प्रतिकारशक्ती केवळ कमी पडत नाही. तिचा ताळमेळ बिघडतो. हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

विषाणू शिरताच लागण झालेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडतात. ही धोक्याची पहिली हाक. त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात व पुढे लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी नेमका हल्ला करतात. गंभीर आजारात ही हाक बरेचदा उशिरा किंवा क्षीण उठते. २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय संशोधनात ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी किमान १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये सापडली.

तोवर विषाणू वाढतो. मग शरीर जागे होते, पण मात्रा चुकते. सायटोकाइन ही द्रव्ये भरमसाट तयार होतात, फुप्फुसांना सूज येते, रक्तात गुठळ्या होतात आणि लिंफोसाइटची संख्या मात्र घटते. रोगापेक्षा इलाज भयंकर, तशी गत होते. हे बहुधा दुसऱ्या आठवड्यात घडते.

म्हणून उपचारात वेळेला महत्त्व आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा झाला नाही. बहरीनमध्ये बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्माची ४० रुग्णांवर चाचणी झाली. प्लाझ्मा दिलेल्या २० जणांपैकी ४ जणांना व इतर २० पैकी ६ जणांना व्हेंटिलेटर लागला. हा फरक ठोस मानता येण्याजोगा नव्हता.

अवेळी स्टेरॉइडचा धोका महाराष्ट्राने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पाहिला. काळ्या बुरशीच्या अनेक रुग्णांना मधुमेह होता व त्यांनी स्टेरॉइडही घेतले होते. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि बुरशीशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. काहींना डोळा गमवावा लागला.

आपण इथे आणि आईवडील गावी, म्हणून बरेचसे सल्ले फोनवरच दिले जातात. तेव्हा एवढे लक्षात ठेवावे : शेजाऱ्याला लागू पडलेले स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता घेऊ वा सुचवू नये. मधुमेहींनी साखर ताब्यात ठेवावी. ताप उतरला तरी धाप लागत असेल वा ऑक्सिजन घटत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. लस शरीराला शत्रूची ओळख आधीच करून देते. वयस्कर मंडळींनी तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे. काढा आवडीने जरूर घ्यावा, मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.