पिंजऱ्यांतून अरण्यांत

नोहाच्या तारवाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस बाळपणापासून ठाऊक आहे. तारवांत प्राणी वांचले. पण तारूं हें कांहीं त्यांचें घर नव्हे. कोरडी भूमि दिसूं लागून ते बाहेर पडले, तेव्हांच तें रक्षण पुरें झालें. हाच न्याय आजच्या प्राणिसंग्रहालयांस कसा लागूं पडतो, तें एका चिमुकल्या माकडाच्या वृत्तांतावरून पाहूं.

ब्राझील देशांत, रिओ द जानेरो प्रांताच्या समुद्राकडील अरण्यांत सोनेरी सिंहमर्कट राहतें. वजन अवघें सुमारें ६०० ग्रॅम. तोंडाभोंवतीं सिंहासारखी सोनेरी आयाळ, म्हणून हें नांव. शेती व गुरचरण यांसाठीं अरण्य तुटलें, आणि पाळण्याच्या हौसेपायीं हीं माकडें धरून विकलीं गेलीं. १९७० नंतर रानांत जेमतेम २०० उरलीं, असा अंदाज होता. तेथील शास्त्रज्ञ आदेल्मार कोइंब्रा-फिल्यो यांनीं जगास सावध केलें, व १९७२ सालीं वॉशिंग्टन येथें तज्ज्ञांची परिषद भरली.

परंतु पिंजऱ्यांतही वंश वाढेना. तेव्हां डेव्ह्रा क्लायमन या विदुषीनें त्यांच्या कुटुंबाचा बारकाईनें अभ्यास केला. एका कुटुंबांत एकच जोडपें प्रजा वाढवितें. पिलें बहुधा जुळीं होतात, व बाप त्यांस पाठीवर वागवितो. ज्यांनीं धाकटीं भावंडें सांभाळलीं, तींच पुढें चांगले आईबाप होतात. म्हणून पिलांस घरापासून लवकर तोडूं नये असें ठरलें. जवळच्या नात्यांत संबंध होऊं नये म्हणून सर्व संग्रहालयांची मिळून एकच वंशावळ ठेवण्यांत आली. संख्या वाढूं लागली.

१९८४ सालीं पिंजऱ्यांत जन्मलेलीं माकडें पोसो दास आंतास या राखीव वनांत प्रथम सोडलीं. पण त्यांस डोलणाऱ्या फांदीवर तोल सांवरेना, कीं ढोलींतले किडे शोधतां येईनात. अन्न पुरवूनही पुष्कळ दगावलीं. जीं जगलीं, त्यांचीं रानांत जन्मलेलीं पिलें मात्र हें सर्व सहज शिकलीं. वंश तगला तो त्यांच्यामुळें. पुढें तुटक वनें झाडांच्या पट्ट्यांनीं जोडलीं. २०१६ नंतर पीतज्वरानें शेंकडों माकडें मेलीं, तेव्हां त्यांस लसही टोंचण्यांत आली. २०२३ सालच्या गणतींत संख्या सुमारें ४,८०० भरली.

यावरून विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पिंजरा जीव राखतो, पण जगण्याची विद्या रानच शिकवितें. म्हणून तारूं बांधणाऱ्यानें भूमीचीही काळजी वाहिली पाहिजे. नाहीं तर उतरावयाचें कोठें?